मावशीचा रिपोर्ट
आज मावशीचा रिपोर्ट आला. फिओक्रोमोसायटोमा. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीतली गाठ, फार क्वचित होणारी. दोन वर्षं अचानक घाम, धडधड, ठणकणारं डोकं, आणि दर वेळी एकच उत्तर, "टेन्शन घेऊ नका." शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी 24 तासांची लघवी मेटॅनेफ्रिनसाठी, म्हणजे अशा गाठीतल्या संप्रेरकांपासून (हार्मोन्सपासून) बनणाऱ्या रसायनासाठी, तपासायला लावली. हीच तपासणी आधी कुणी सांगितली असती तर!

परतताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मावशी म्हणाली, "विसरायला होतं म्हणून घेते ते ब्राह्मीचं चूर्ण चालू ठेवू का गं?" ब्राह्मीवर 12 आठवड्यांच्या चाचण्या झाल्यात, आठवण्यात थोडी सुधारणाही दिसलीय. पण बहुतेक निरोगी माणसांवर. म्हटलं, ऑपरेशनआधी डॉक्टरांना दाखवू. घरी पोचल्या पोचल्या तिने डबी पर्समध्ये ठेवली.