शाडूची माती आणि आमची पोरं

कोल्हापूरच्या बापट कॅम्पात आमचा गणेशमूर्तींचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी उभा केला, आता मी आणि माझी बायको चालवतो. पण वाटचाल सांगायची तर मला सुरुवात ऑगस्ट २०१९ च्या महापुरापासूनच करावी लागते.

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. चतुर्थी २ सप्टेंबरला. शाडूची मूर्ती भाजलेली नसते, पाणी लागलं की जागच्या जागी विरघळते. आमचा निम्मा माल तसाच गेला. पाणी ओसरल्यावर पलीकडच्या वस्तीतली चार पोरं गाळ उपसायला धावली. शाळा सुटलेली, त्यातल्या एकाला पोलीस दोनदा घेऊन गेलेले. गाळ काढून झाला तरी ती हलेनात. उरलेल्या मातीत बोटं घालून बसली. बायको म्हणाली, "यांना रविवारी बोलवूया."

कामाला नव्हे, शिकायला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून ऑर्डरच्या मूर्तीला त्यांचा हात लागत नाही. जे करतील ते ज्याचं त्यानं घरी न्यायचं.

त्या दोनदा नेलेल्या पोराला धीर अजिबात नव्हता. सावलीत सावकाश वाळवायची मूर्ती त्यानं उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत आडवा तडा. त्यानं ती भिंतीवर आपटली. आम्ही ओरडलो नाही. तुकडे गोळा करून पाण्यात टाकले, कारण कच्चा शाडू भिजला की पुन्हा माती होतो. दुसऱ्या रविवारी तीच माती त्याच्यापुढं ठेवली. महिन्याभरानं तो एका लहानग्याला सांगताना ऐकला, "घाई करू नको, तडकतंय."

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दहा जीवनकौशल्यं आहेत. भावना आणि ताण सांभाळणं त्यातलंच. आम्हाला ती यादी फार नंतर कळली.

बायकोनं पुढं हातात घालायच्या बाहुल्या करायला घेतल्या. एकदा एका बाहुलीनं सांगितलं, "बाबा पिऊन आला की मी गच्चीवर झोपतो." हे त्या मुलानं स्वतः कधीच सांगितलं नसतं. माती एकटी पुरत नाही, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर रंगवलाय आणि महिन्यातून एकदा समुपदेशक ताई येतात. सगळी पोरं टिकली नाहीत. दोघं मध्येच सुटली, त्यांची आठवण येते.

तडा गेलेल्या मूर्तीचा तो पोरगा आता अठरा पूर्ण करून आमच्याकडं पगारावर आहे. यंदा डोळ्यांची आखणी त्याच्याकडं दिली. पहिली मूर्ती हातात घेतल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावून घेतली.