चांगला होता, म्हणून बंद झाला

कीबोर्डवरच्या ओळी एकाखाली एक सरळ नसतात, थोड्या थोड्या सरकलेल्या असतात. कारण जुनं आहे. टाइपरायटरच्या प्रत्येक बटणाखाली एक दांडी असायची आणि त्या दांड्या एकमेकींना आडव्या येऊ नयेत म्हणून बटणं तिरकी बसवली. दांड्या कधीच गेल्या, तिरकेपणा राहिला. आणि त्या तिरकेपणासाठी मनगट वाकवत आम्ही ठाण्याहून रोज ऐरोलीला जातो.

मनगट बोलायला लागलं तेव्हा शेजारच्या डेस्कवरच्या सरांनी त्यांचा कीबोर्ड वापरून बघायला दिला. मधे उंचवटा, दोन्हीकडे उतार, डाव्या-उजव्या हाताची बटणं वेगवेगळी केलेली. सुरुवातीला स्वतःचं नावही धड उमटेना, पण मनगट गप्प झालं. कुठे मिळतो विचारलं, तर म्हणाले, "आता नाही मिळत. बंद झाला तो."

शोधायला बसले तर ही या जमातीची रीतच दिसली. ॲपलने १९९३ मध्ये मधून उघडणारा कीबोर्ड काढला, आयबीएमने १९९४ मध्ये. दोन्ही फार टिकले नाहीत. आयबीएमचा तो 'एम १५' आज कुठे लिलावात आला तर लॅपटॉपच्या किमतीला जातो. मायक्रोसॉफ्टचा २००५ चा 'नॅचरल ४०००' गेला, मागोमाग २०१३ चा 'स्कल्प्ट'ही. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने सांगून टाकलं की यापुढे फक्त सरफेस या तिच्या दुसऱ्या ब्रँडच्या नावाचेच कीबोर्ड आणि माउस. पुढे २०२४ मध्ये इनकेस नावाच्या कंपनीने ती जुनी डिझाइन्स हाती घेतली. मधल्या काळात ज्यांच्या कपाटात सीलबंद खोका पडून होता, त्यांची चैन.

साधा कीबोर्ड सगळ्यांनाच सारखा गैरसोयीचा असतो, म्हणून तो लाखांनी खपतो. हाताला नीट बसणारा मात्र ठरावीक लोकच घेतात. त्याच्या वळणदार प्लास्टिकला वेगळे साचे लागतात, आणि साच्याचा खर्च माल दहा हजार निघो की दहा लाख, तेवढाच. तो थोड्या गिऱ्हाइकांत वाटला की किनेसिस कंपनीच्या 'ॲडव्हांटेज ३६०'सारखा कीबोर्ड साडेचारशे डॉलरच्या घरात जातो. म्हणजे आपले चाळीस हजार धरा, कस्टम ड्यूटी वेगळी. (आई म्हणाली, "एवढ्यात पेटी आली असती, घरात सूर तरी लागले असते.") त्यात एखादी चिप किंवा स्विच बनवणाऱ्याने हात वर केले की आतली अख्खी मांडणी बदलायची. तिथे हिशेबनीस विचारतो, कशासाठी? खरी गोम पुढेच आहे. एवढा महाग कीबोर्ड घेणारा माणूस त्याला जिवापाड जपतो आणि पुढची दहा वर्षं दुकानाकडे फिरकत नाही. मनापासून जीव लावणारं गिऱ्हाईक धंद्याला परवडत नाही, असं माझं मत होत चाललंय.

गोदरेजचा टाइपरायटर १९५५ मध्ये आला आणि २००९ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तेव्हा निदान दोन्ही बाजू मोकळ्या होत्या: कंपनीला विकायचा नव्हता, लोकांना घ्यायचा नव्हता. इथे घेणारा ताटकळतोय आणि बनवणारा नको म्हणतोय.

मी सध्या एक स्वस्तातला, मधून दुभंगलेला कीबोर्ड घेतलाय आणि त्यावर मराठी लिहिते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड मांडणीत स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे असतात, त्यामुळे दोन्ही हातांना आलटून पालटून काम मिळतं. 'काका' लिहून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा. 'मामा' मात्र अक्षरशः डाव्या हाताचा मळ, कारण 'म'ही तिकडेच आणि कानाही. मामांपुरता अर्धाच कीबोर्ड पुरतो, पण अर्ध्या किमतीत कुणी देत नाही.