वर लंडन, खाली लिएज

"लंडनची आहे. वाच की, कोरलंय."

काकांनी बोट ठेवलं होतं तिथे, नळीच्या अगदी वरच्या पैलूवर, सुबक वळणदार इंग्रजी अक्षरांत खरोखरच 'लंडन' कोरलेलं होतं.

काका माझ्या मित्राचे. टोपीवर (आपटलं की ठिणगी देणाऱ्या दारूच्या छोट्या टोपीवर) उडणारी, आठ पैलूंच्या नळीची ही ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायची रायफल त्यांच्या घरात तीन पिढ्या आहे. लॉकच्या, म्हणजे घोडा असलेल्या यंत्रणेच्या पट्टीवर नक्षी आहे, पण नाव नाही. दस्त्यावरही काही नाही. मला जुन्या हत्यारांचं वेड आहे हे पुतण्याकडून कळल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि नळी कोणी बनवली तेवढं शोधून काढायला सांगितलं. म्हणजे लंडनमधल्या नेमक्या कोणी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी आधी गज घेतला. नळीत टेकेपर्यंत सोडला, तोंडापाशी अंगठ्याने खूण धरली, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. टोक निप्पलच्या, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडाच्या, चांगलं चार बोटं अलीकडेच थांबत होतं. आत गंज साचला असेल किंवा बार भरलेला असेल. काका म्हणाले, "अरे, आमच्या हयातीत कोणी उडवली नाही." तेच तर भीतीचं होतं. उडवली नाही म्हणजे कधीतरी ठासलेली तशीच राहिली असणार. काळी दारू कोरडी राहिली तर किती वर्षांनीही पेटते. त्या दिवशी मी नळीला पुढे हात लावला नाही. जुन्या बंदुकांची दुरुस्ती करणारे एक जाणकार आहेत, त्यांनी नळीत पाणी ओतून दारू भिजवली, गजाच्या टोकाला स्क्रू लावून आधी कापडाची चिंधी, मग शिशाची गोळी ओढून काढली. मागून काळा चिखल आला. काका बराच वेळ त्या गोळीकडे बघत बसले होते.

त्यानंतर नळी लाकडातून सोडवायची होती. बनवणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे ठसे बहुधा नळीच्या बुडाशी, खालच्या बाजूला असतात. लाकडाखाली झाकलेले असल्यामुळे त्यांना ना हात लागतो, ना पॉलिश. या रायफलीत नळी एका लोखंडी पाचरीने धरलेली होती आणि मागे हुकात अडकवलेली होती. पाचर नेहमी निमुळत्या टोकाकडून ठोकायची, तीही लाकडी दट्ट्याने. घोडा अर्धा मागे ओढला, तोंडाकडून नळी उचलली आणि हुक अलगद सुटला. बुडाचा पेच काढावा का, असं मित्राने विचारलं. अजिबात नाही. शंभर-दीडशे वर्षं बसलेला पेच पान्याने फिरवला की पैलू चेपतात, आटे जातात, आणि वाचण्यासारखं सगळं बाहेरच असतं.

खालच्या पैलूंवर तपकिरी गंजाची साय होती. इथे मी गाढवपणा केला. घाईत बारीक तारेचा ब्रश फिरवला आणि एका ठशाची कड चकाकायला लागली. म्हणजे तेवढी झिजवली. पुढे शहाणा झालो. रात्रभर तेल, सकाळी जुना टूथब्रश, आणि खाचेतला मळ काढायला दातकोरणं. सँडपेपरचं नावही नको.

चार गोष्टी दिसल्या: मुकुट आणि त्याखाली एक अक्षर, '१३.४' असा आकडा, दोन मोठी ठसठशीत अक्षरं, आणि बाजूला एक गोलसर डाग, जो मी खड्डा समजून सोडून दिला.

मुकुटाखालचं अक्षर 'व्ही' दिसत होतं. काकांना सांगितलं, तुमचं खरं दिसतंय. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला, म्हणजे बंदूक कारागिरांच्या संघाला, १६३७ मध्ये सनद मिळाली आणि तिच्या तपासणीचा ठसा म्हणजे मुकुटाखाली 'व्ही'. काकांनी त्या आनंदात दोनदा चहा करायला लावला. पण लंडनचा हा 'व्ही' एकटा राहत नाही. जोडीला मुकुटाखाली 'जी' आणि 'पी' एकमेकांत गुंफलेला दुसरा ठसा असतो, जास्तीची दारू भरून नळी उडवून पाहिल्याचा. तो कुठेच नव्हता. बर्मिंगहॅम म्हणावं, तर तिथलं प्रूफ हाउस, म्हणजे नळ्यांची चाचणी करणारी संस्था, १८१३ चं, आणि त्या शतकातले तिथले ठसे म्हणजे मुकुट आणि एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड. तसंही काही नव्हतं.

खटकत होता तो आकडा. इंग्रज बोअरचा आकडा मारत: एका पौंड शिशाच्या किती गोळ्या केल्या तर एक गोळी त्या नळीत बसेल, तो. मी व्हर्निअरने तोंड मोजलं तर बरोबर १३.४ मिलिमीटरच्या आसपास भरलं. इंग्रजी हिशोबाने या नळीवर ३१ किंवा ३२ असायला हवं होतं. दशांश चिन्ह देऊन मिलिमीटर ठोकणारा कारागीर लंडनचा कसा असेल?

हाताशी होतं म्हणून आतल्या मळसूत्री खाचाही मोजून घेतल्या. गजाला घट्ट चिंधी बांधली, मूठ मोकळी फिरेल अशी ठेवली आणि गज हळूहळू आत ढकलला. बारा इंचांत पाव वळसा, म्हणजे अठ्ठेचाळीस इंचांत एक. हा गोल गोळीसाठीचा संथ पीळ, म्हणजे हळू वळणाऱ्या खाचा. लांब गोळी मारणाऱ्या व्हिटवर्थ रायफलीत वीस इंचांतच पूर्ण वळसा पडतो. यावरून वापर कळला, गाव नाही कळलं.

रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. असा तिरका उजेड पडला की झिजलेल्या अक्षरालाही सावली येते. त्या 'व्ही'ला खाली एक पाय फुटला. तो 'वाय' होता! मग मी त्या गोल डागावर खडूची पूड चोळली आणि बोटाने हलकेच पुसली. अंडाकृती चौकट उमटली, तिच्यात 'ई', 'एल', 'जी' आणि खाली चांदणी. एप्रूव्ह द लिएज, म्हणजे लिएजची चाचणी. बेल्जियममधलं लिएज, जिथे १६७२ पासून नळ्यांची चाचणी होत आली.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. लिएजच्या तपासनिसांची खूण १८५३ ते १८७७ पर्यंत मुकुटाखाली अक्षर अशी होती. १८७७ पासून मुकुटाच्या जागी चांदणी आली. अंडाकृतीच्या डोक्यावर मुकुट चढला १८९३ मध्ये, आणि इथे तर तो नाही. म्हणजे ही नळी त्या चोवीस वर्षांतली. दशांशातला आकडाही तिथलाच.

आता ती दोन मोठी अक्षरं. लिएजकडे नळी घडवणारा वेगळा, लॉकवाला वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा, आणि सगळं जोडून विकणारा व्यापारी आणखी वेगळा. नळ्या बऱ्याचशा शहराच्या शेजारी वेद्र नदीच्या खोऱ्यात घडत. म्हणून खालची अक्षरं नळीवाल्याची की व्यापाऱ्याची, हे आधी ठरवावं लागतं. व्यापाऱ्याला नाव मिरवायचं असेल तर तो वरच्या पैलूवर मिरवील. ही अक्षरं लाकडाखाली आहेत, खोल आणि जराशी वाकडी, कारखान्यातल्या हाताने ठोकलेली. माझ्या मते नळीवाल्याची. त्या आद्याक्षरांचे एकाहून जास्त कारागीर निघतात, त्यातला एक मनाने निवडून मी काकांना सांगणार नव्हतो.

फोटो, मापं आणि कागदावर पेन्सिलीने घासून घेतलेले ठसे घेऊन गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग हे लंडन कोणी कोरलं?"

"ज्याला विकायची होती त्याने, काका. लंडन म्हटलं की भाव चढायचा. लिएजवाले तेव्हा सर्रास कोरत."

"म्हणजे खोटी?"

"नळी खोटी नाही. चाचणी झालेली आहे, काम चोख आहे. शब्द तेवढा उसना."

ते काही बोलले नाहीत. मी खालच्या बाजूला तेलाचा पातळ हात दिला, हुक अडकवला, नळी लाकडात बसवली. काकांनी वरच्या पैलूवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाचर जरा दाबून ठोक. आधीपासून हलते ती."