हळद लागलेला सेंट बर्नार्ड

पावसाळ्यात सांगलीत माणसांचे कपडे वाळत नाहीत, तिथं सेंट बर्नार्ड जातीच्या लाळ गाळणाऱ्या कुत्र्याची हनुवटी कुठून वाळणार? एवढं कळायला मला, जनावरांच्या डॉक्टरला, महिना लागला.

ह्या कुत्र्याला, बादशहाला, पहिल्यांदा आणलं ते तोंडाला वास येतो म्हणून. दातांवर कीटण दिसलं. भूल देऊन दात साफ करायची तारीख देऊन मी मोकळा झालो. ठरल्या दिवशी तो रात्रीपासून उपाशी आला, आणि हनुवटीपासून छातीपर्यंत पिवळाधमक. सोबतच्या आजी म्हणाल्या, "लई लाल झालंतं वो, म्हणून तेलात हळद कालवून लावली. घरचीच हाय." २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद, तिला नावं ठेवायची माझी काय बिशाद! कंपाउंडर हळूच म्हणाला, "नवरदेव आला."

लाळ गळणारं कुत्रं दिसलं की आधी रेबीजच्या लसीचं विचारायचं आणि हातमोजे चढवायचे, ही जुनी सवय. लस वेळेवर झालेली होती. पिवळं पुसायला म्हणून खालचा ओठ ओढला, तर सुळ्यामागची घडी उघडली आणि भपकारा आला. आत केस चिकटलेले, कातडी लालभडक, वर तपकिरी चिकटा. महिनाभर मी दातांना दोष देत होतो.

काचपट्टी घडीला टेकवली, रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. भुईमुगाच्या शेंगेसारख्या यीस्ट बुरशीच्या पेशी, जिकडंतिकडं. मधे गोल जिवाणूंचे घोस. दोन्ही कातडीवर एरवीही थोडे असतातच. लाळेची ओल, अन्नाचे कण आणि घडीतली ऊब मिळाली की माजतात. त्यात आजींच्या तेलानं ओल आतच कोंडली होती.

भूल रद्द केली. मशीननं केस काढले, क्लोरहेक्सिडीन ह्या जंतुनाशकाच्या पातळ द्रावणानं घडी पुसली, टिपून कोरडी केली आणि यीस्टवरचं मलम दिलं. आजींना सांगितलं, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर ओठ उचलून टिपायचं, घासायचं नाही. जुनं सुती धोतर असेल तर उत्तम. गळ्यात लाळेरं बांधा, पण ओलं झालं की लगेच बदला.

"नातवाचं लाळेरं दीड वर्षात सुटलं," आजी म्हणाल्या. "ह्याचं कधी सुटायचं?"

"ह्याचं जन्मभर."

तेवढ्यात बादशहानं मान झटकली. लाळेची तार माझ्या चष्म्यावरून थेट भिंतीवरच्या कॅलेंडरापर्यंत गेली.