जिबची उंची आणि डोलकाठीचा कल

तारकर्ली, रविवार, संध्याकाळ

सकाळचा मतलई वारा पडल्यापासून दुपारचा खारा वारा जोर धरेपर्यंतचा सगळा वेळ आज वाळूवर ओढून ठेवलेल्या १६ फुटी कॅटामरानच्या, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटीच्या, शिडांवर गेला. देवबागहून मालवणकडे परतताना वायव्येच्या वाऱ्याला तोंड देत तिरपे टप्पे घ्यावे लागतात, आणि गेल्या काही फेऱ्यांत बोट वाऱ्याच्या जवळ, म्हणजे त्याच्या दिशेशी लहान कोन धरून, जाईनाशी झाली होती. जिबच्या, म्हणजे डोलकाठीपुढच्या लहान शिडाच्या, पुढच्या कडेला मी खाली, मध्ये आणि वर लोकरीचे धागे चिकटवले आहेत. खालचे धागे शिडाला लगटून सरळ मागे वाहत, पण वरचा, वाऱ्याकडचा धागा सतत फडफडे. म्हणजे शीड वरच्या अंगाला गरजेपेक्षा जास्त उघडत होते.

कारण उमगायला मला फार उशीर झाला. मी जिबचा पुढचा कोपरा उंची बदलण्यासाठीच्या भोकांपैकी सर्वांत खालच्या भोकात अडकवत होतो. त्यामुळे तिचा मागचा कोपरा खाली राही, आणि पुढेमागे न सरकणाऱ्या कप्पीतून येणारा दोर त्याला खाली ओढण्याऐवजी बहुतांशी मागेच ओढत असे. खालची कड ताणली जाई आणि मागची कड वरच्या टोकाला सैल सुटे. शीड असे वर उघडत जाते, तो त्याचा पीळ. थोडा पीळ हवाच, कारण पाण्यापासून वर जावे तसा वाऱ्याचा जोर वाढतो आणि चालत्या बोटीवर तो उंचावर किंचित मागून लागतो. परंतु माझा पीळ त्याहून कितीतरी अधिक होता.

जिब दोन भोके वर घेतली, तर उलटेच झाले. मागची कड आवळली आणि मोठे शीड डोलकाठीजवळ उलटे फुगू लागले. शेजारी जाळे विणत बसलेले तांडेल काका तेवढ्यात म्हणाले, "दोन शिडांच्या मदी वाऱ्याक वाट होयी रे." मी एक भोक खाली आलो आणि ती वाट मोकळी झाली. शिवाय दोन भोके वर असताना शिडाचे टोक वरच्या कप्पीला टेकत होते आणि जिब चढवण्याचा दोर पुरेसा ताणताच येत नव्हता. पुढची कड सैल राहिली, तर वाऱ्याच्या जवळ जाण्याची आशा सोडलेली बरी.

मग भाच्याला डोलकाठी धरायला लावून, आधी जिब चढवण्याचा दोर ढिला करून, बाजूच्या तारा दोन्हीकडे एकेक भोक आखूड केल्या आणि डोलकाठी मागे कलवली. शिडांचा जोर मागे सरकल्यामुळे बोट आता स्वतःहून वाऱ्याकडे वळू पाहते. सुकाणू हाताला थोडे जड लागते, पण ते मला आवडले. जोराच्या झोतात वाऱ्याआडच्या सांगाड्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यात घुसायची, तेही कमी झाले. मात्र कल वाढताच जिबचा मागचा कोपरा पुन्हा खाली उतरला, आणि सकाळपासून बसवलेली उंची फिरून तपासावी लागली. कल आधी ठरवायला हवा होता.

दुपारी किल्ल्याच्या दिशेने दोन टप्पे मारले, तेव्हा तिन्ही धागे जवळजवळ एकाच वेळी थरथरले. भोकांचे आकडे वहीत लिहिले आहेत आणि तारांच्या पट्ट्यांवर लाल रंगाची खूण केली आहे. जिबची उंची मात्र उद्या नव्या कलाप्रमाणे अर्धे भोक बदलण्यासाठी लहान दोरी बांधून पाहणार आहे.