तीस वर्षांनी पुन्हा खांदेरी

आमच्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी रोज दिसते. बेटावर दीपगृह आहे, तट आहे, आणि आम्हा कोळ्यांचा वेताळ आहे. वर्षातून एकदा तरी होडीने त्याच्या पाया पडायला जातोच.

२८ सप्टेंबर २०१९ला टीव्हीवर बातमी लागली की, ‘आयएनएस खांदेरी’ पाणबुडी मुंबईत नौदलात दाखल झाली. बाबा ओटीवर जाळं शिवत होते. मान वर करून म्हणाले, “परत आली म्हणायची!”

मला तोवर ठाऊकच नव्हतं की या नावाची पाणबुडी आधी होऊन गेलीय. पहिली खांदेरी ६ डिसेंबर १९६८ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रीगा इथे आपल्या नौदलात आली, १९७१च्या युद्धात पूर्वेच्या समुद्रात होती, आणि १९८९मध्ये निवृत्त झाली. जुनं जहाज निवृत्त झालं की त्याचं नाव नव्या जहाजाला द्यायचं, ही नौदलाची रीत. विक्रांतचं तसंच. पहिली मुंबईत दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर मोडली गेली, नवी २०२२मध्ये कोचीत दाखल झाली, तीही आर-११ हाच क्रमांक घेऊन.

बाबांना यात नवल वाटलं नाही. आमच्या घरातली ही तिसरी होडी, आणि तिन्हींचं नाव ‘वेताळप्रसाद’. तिसरी पाण्यात लोटली तेव्हा बंदरावर कुणी विचारलंही नाही, हिचं नाव काय म्हणून.

पाणबुडीला खांदेरीइतकं शोभणारं दुसरं नाव मला तरी सुचत नाही. १६७९मध्ये महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला बेटावर धाडून किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडाशीच किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजांचा वेढा घातला, पाठोपाठ सिद्दीही आला. आपल्या छोट्या होड्या मात्र रात्रीच्या काळोखात, उथळ पाण्यातून, मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या. किल्ला पुरा झाला. इंग्रजांना तो घेता आला नाही.

‘खुकरी’ या युद्धनौकेचं मात्र मला आजही आत कुठेतरी लागतं. ९ डिसेंबर १९७१ला, त्याच युद्धात, दीवजवळ ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही जहाजासोबत गेले. बुडालेल्या होडीचं नाव नव्या होडीला द्यायला आमच्या घरात कुणी धजावणार नाही. नौदलाने दिलं. १९८९मध्ये माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी खुकरी दाखल झाली, बत्तीस वर्षं तिने सेवा केली, आणि आता ती दीवलाच स्मारक म्हणून उभी आहे. हे धाडस मला फार मोठं वाटतं.

मार्च २०२१मध्ये ‘करंज’ पाणबुडी आली, तीही जुन्याच नावाने. रेवसहून तरीने पलीकडे उतरतो ते आपलं करंजा, त्याच बेटावरून हे नाव. त्या समारंभाला प्रमुख पाहुणे होते ॲडमिरल व्ही. एस. शेखावत. १९७१मध्ये जुन्या करंजचे कप्तान तेच होते. पन्नास वर्षांनी त्याच नावाच्या नव्या पाणबुडीसमोर ते उभे राहिले.

त्यांचा फोटो मी बाबांना मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “खांदेरीवरचेही कुणी असतील की गं. त्यांना बोलावलं होतं का?”