तुम्ही विचारलंत म्हणून: अर्ज मराठीत की कन्नडमध्ये?

बेळगावात शहापुरात राहतो, शाळेतून निवृत्त झालोय आणि अक्षर बरं आहे, एवढ्या भांडवलावर मी आमच्या भागाचा अर्ज लिहिणारा झालो. त्यामुळं लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी वाकून विचारतंच, "सर, महापालिकेला अर्ज द्यायचाय. मराठीत लिहू की कन्नडमध्ये?"

मराठीत लिहा. मागं कन्नड प्रत जोडा.

मराठीत अशासाठी की तो हक्क आहे. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. काउंटरवर कुणी "कन्नडदल्ली बरीरी", म्हणजे कन्नडमध्ये लिहा, म्हणालं तर आवाज चढवू नका. कलमाचा आकडा अर्जाच्या पहिल्याच ओळीत घाला आणि कागद पुढं सरकवा. कन्नड प्रत अशासाठी की तुमच्या गटारापाशी शेवटी जो इंजिनिअर येणार, तो बागलकोट-विजापूरकडचा असला तर मराठी अर्ज त्याच्या हातात म्हणजे मोडीतला कागद. त्याला शिव्या घालून उपयोग काय? गल्लीत कन्नड माध्यमात शिकलेली एखादी मुलगी असतेच, अर्ध्या तासात उतरवून देते.

एवढ्यावर विचारणारा खूश होऊन जातो. मला मात्र पुढचं सांगायचं असतं. भाषेपायी अडलेले अर्ज मी पाहिलेत, नाही असं नाही. पण त्याहून कितीतरी जास्त अर्ज सगळं एकाच कागदावर घातल्यामुळं मेलेले पाहिलेत. आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. पंच, युवक मंडळ, महिला मंडळ मिळून जायचं, साहेबांच्या टेबलासमोर अर्धगोल करून उभं राहायचं, कागद देताना फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, खाली 'आदी उपस्थित होते'. आणि त्या एका कागदात तुंबलेलं गटार, बंद पथदिवे, मोकाट कुत्री, पाण्याची वेळ, मराठी फलक, शेवटच्या परिच्छेदात सीमाप्रश्न. यातलं एकही गाऱ्हाणं खोटं नाही. पण हा कागद साहेबांनी कुठल्या विभागाकडं पाठवायचा? ते 'योग्य कार्यवाहीसाठी' असा शेरा मारतात आणि निवेदन जिरतं.

ही सवय आपल्याला उगाच लागलेली नाही. २००५ मध्ये महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं सभागृह बरखास्त केलं. २०११ मध्ये पुन्हा बरखास्ती. २०१९ ला मुदत संपली ती निवडणूक लागली सप्टेंबर २०२१ मध्ये, ५८ वॉर्डांची. लोकांनी मतं दिली, नगरसेवक निवडून आले, आणि महापौर बसायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. म्हणजे नगरसेवक होते, सभागृह नव्हतं! इतकी वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार असल्यावर माणूस काय करणार? मोर्चा काढून जिल्हाधिकारी कचेरीच गाठणार. गटारासाठीसुद्धा. आता सभागृह आहे, तरी आपले पाय जिल्हाधिकारी कचेरीजवळच्या चन्नम्मा सर्कलकडंच वळतात. सभेची विषयपत्रिका मराठीतून मिळावी ही नगरसेवकांची मागणी रास्तच आहे, तिच्यासाठी भांडायलाच हवं. पण त्या पत्रिकेत आपल्या गल्लीचा विषय यावा म्हणून आपण आपल्या नगरसेवकाला शेवटचं लेखी कधी दिलं?

तेव्हा माझा हट्ट एवढाच: एका कागदावर एकच गाऱ्हाणं. पथदिवा बंद असेल तर महापालिका; वीजच गेली असेल तर हेस्कॉम, म्हणजे वीज कंपनी. नव्या वसाहतीतला रस्ता असेल तर आधी शोधा की तो ले-आऊट बुडाकडून, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून, महापालिकेकडं हस्तांतरित झालाय का. झालेला नसला की दोन कचेऱ्या तुम्हाला चेंडूसारखं टोलवत बसतात. कॅम्पात राहत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, तो संसारच वेगळा. अर्जात जागा नेमकी लिहा, म्हणजे घर नंबर, जवळचा विजेचा खांब, गटार कुठल्या कोपऱ्यापासून तुंबलंय ते. 'आमच्या भागातील' या दोन शब्दांनी आजवर कुठलंही गटार सापडलेलं नाही. फोटो साहेबांचा नको, गटाराचा जोडा. आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

दुसरं म्हणजे वॉर्ड कमिटी. हे नाव काढलं की लोक माझ्याकडं मी नवा पक्ष काढल्यासारखं बघतात. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असं ठरवलं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव पावणेपाच लाखांच्या वर होतं. राज्याच्या कायद्यात नगरसेवक अध्यक्ष आणि सोबत वॉर्डातले दहा नागरिक, त्यात किमान तीन महिला, अशी रचना आहे. आपल्या वॉर्डातले ते दहा जण कोण, हे नगरसेवकाला लेखी विचारा. निपाणी, खानापूर ही लहान गावं, तिथं ही तरतूद लागत नाही, पण तिथं नगरसेवक सकाळी चहाच्या गाड्यावर सापडतो, आणि तो मराठीतच बोलतो.

महिनाभर काहीच हललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपये फी, उत्तराला तीस दिवस. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळं पाल्हाळ आपोआप गळतं. 'गटार का साफ केलं नाही' असं विचारू नका. 'का'चं उत्तर ते देत नाहीत. 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्यानं काय शेरा लिहिला, त्याच्या प्रती द्याव्यात' असं विचारा. पुष्कळदा प्रती यायच्या आधी मुकादम येतो.